लोंगेवालात दोनच जवान गेले होते; मग ‘बॉर्डर’ बघताना आपण रडतो ते कुणासाठी?

११ मे २०२५, रविवार. पुण्यात एका कार्यक्रमात माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे बोलायला उभे राहिले. भारत आणि पाकिस्तानमधला गोळीबार थांबून जेमतेम एक दिवस झाला होता. सोशल मीडियावर मात्र अनेकांचा सूर वेगळाच होता. थांबलात कशाला? आता एकदाचं संपवूनच टाकायचं होतं!

नरवणेंनी त्यावर फार न चिडता उत्तर दिलं. युद्ध म्हणजे बॉलिवूडचा सिनेमा नाही, त्यात रोमँटिक असं काही नसतं, असं ते म्हणाले. आदेश आला तर लढायला जाऊ, पण पहिली पसंती वाटाघाटींनाच असेल, हेही त्यांनी सांगितलं. सीमेलगतच्या गावांत रात्री तोफगोळे पडायला लागले की जीव मुठीत धरून पळणाऱ्या लहान मुलांचा त्यांनी उल्लेख केला. त्या मुलांच्या मनावरचा घाव किती वर्षं राहतो, हे बोलणारा माणूस आयुष्यभर फौजेत राहिलेला होता.

त्याच आठवड्यात मुंबईत काय चाललं होतं? ७ मेला कारवाई सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत ‘ऑपरेशन सिंदूर’ हे नाव आपल्या सिनेमाला मिळावं म्हणून निर्मात्यांच्या संघटनांकडे अर्जांचा ढीग पडला. एका सिनेमाचं तर पोस्टरही आलं. लोकांनी झोडपल्यावर माफी मागण्यात आली. इकडे सीमेवर ब्लॅकआउट सुरू होता आणि तिकडे टायटल बुक होत होतं.

युद्धाचा सिनेमा आणि युद्ध यांच्यातलं अंतर आपल्याकडे हे असं कमी होत चाललंय. म्हणूनच दर वेळी एखादा मोठा देशभक्तीपर सिनेमा आला की तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, हा प्रोपगंडा आहे, बघूच नका. दुसरी म्हणते, सिनेमा सिनेमासारखा बघा, डोकं कशाला लावता? डिसेंबर २०२५ मध्ये ‘धुरंधर’च्या वेळी हृतिक रोशनने मधली वाट धरून पाहिली. सिनेमाच्या राजकारणाशी आपण असहमत असू शकतो, पण सिनेमा म्हणून तो आवडला, अशा अर्थाची पोस्ट त्याने टाकली. त्यावरही लोक तुटून पडले. खरं तर कोट्यवधी प्रेक्षक नेमकं हेच करत असतात, फक्त पोस्ट टाकत नाहीत.

मग प्रचार आहे हे माहीत असूनही युद्धपटाचा आनंद घेता येतो का? उत्तर शोधायला १९७१ च्या लोंगेवालात जाऊया. कारण या लढाईवरचा ‘बॉर्डर’ बहुतेकांच्या लाडका आहे.

लोंगेवाला: पडद्यावरचं आणि वाळवंटातलं

४ डिसेंबर १९७१ ची रात्र. राजस्थानातल्या लोंगेवाला चौकीवर २३ पंजाब रेजिमेंटची एक कंपनी होती, साधारण १२० जवान. कमांडर होते मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. समोरून चाळीसेक रणगाडे आणि दोनेक हजार सैनिक घेऊन पाकिस्तानी फौज आली. मागे हटायचं की चौकी धरून ठेवायची, हा निर्णय चांदपुरींवर सोडला होता आणि त्यांनी चौकी धरली. इथपर्यंत सिनेमा आणि इतिहास हातात हात घालून चालतात.

त्यानंतर वाटा वेगळ्या होतात. सिनेमात रात्रभर तुंबळ लढाई चालते, एकेक लाडकं पात्र धारातीर्थी पडतं आणि पहाटे विमानं येतात. प्रत्यक्षात चौकीवरच्या जवानांपैकी दोघांचा मृत्यू झाला. १२० पैकी दोन. कारण जवान उंचवट्यावर, पक्क्या आडोशाला होते आणि समोरच्यांचे हाल सुरू होते. चौकीभोवतीचं तारेचं कुंपण बघून पाकिस्तानी सैन्याला वाटलं, पुढे सुरुंग पेरलेत. ते शोधण्यात त्यांचा मोलाचा वेळ गेला. रणगाडे वाळूत रुतले. डोक्यावर त्यांच्या स्वतःच्या हवाई दलाचं छत्र नव्हतं.

आणि मग उजाडलं. जैसलमेरला असलेल्या आपल्या हंटर विमानांना रात्री दिसत नसे, म्हणून वैमानिक पहाटेची वाट बघत बसले होते. उजेड होताच ती आली आणि उघड्या वाळवंटात अडकलेले रणगाडे एकामागून एक टिपू लागली. रणगाडा आडोसा शोधत गोल गोल फिरतो, पण वाळवंटात आडोसा कुठला? वाळूवर उमटलेल्या त्या चक्राकार खुणांचे विमानातून काढलेले फोटो आजही बघायला मिळतात.

लोंगेवाला जिंकण्यात रात्रभर टिकून राहणाऱ्या जवानांचा आणि सकाळी आलेल्या वैमानिकांचा वाटा किती किती, यावर पुढे निवृत्त अधिकाऱ्यांमध्येच जाहीर वाद झाला आणि तो कोर्टापर्यंत गेला. सिनेमाने हा प्रश्न आपल्या परीने सोडवून टाकला. वायुदलाचा अधिकारी म्हणून जॅकी श्रॉफ आहे, विमानंही आहेत, पण सिनेमाचा जीव चौकीत आहे, सनी देओलच्या गळ्यात आहे.

यात गंमत अशी की दिग्दर्शक जे. पी. दत्ता यांचा भाऊ हवाई दलात वैमानिक होता आणि विमान अपघातात गेला. ‘बॉर्डर’मागे त्याची आठवण आहे. म्हणजे हा सिनेमा कुणी सरकारी फाइलवर सही करून काढून घेतलेला नाही. तो मनापासून केलेला आहे, आणि शेवटी शत्रूला भाऊ म्हणणारं, युद्धाला कंटाळलेलं गाणंही त्यात आहे. प्रचार म्हटलं की आपल्याला खोटं बोलणारा, पैसे घेतलेला माणूस आठवतो. पण बहुतेक चांगला प्रचार मनापासून केलेला असतो, आणि म्हणूनच तो भिडतो.

मग ‘बॉर्डर’ने नेमकं काय बदललं? सिनेमाने मरण वाढवलं. खऱ्या लढाईत अक्कल, जागेची निवड, शत्रूच्या चुका, हवामान आणि वैमानिक यांनी जीव वाचवले. पण वाचलेल्या जवानावर थिएटर रडत नाही. म्हणून शौर्याचा अर्थ बलिदान असा झाला. तीन तास हे बघितलं की कमीत कमी माणसं गमावणं हीच खरी फत्ते असते, हा साधा फौजी हिशेब मागे पडतो. आणि जेव्हा खरंच युद्धाची वेळ येते तेव्हा ‘होऊ दे, आपले जवान मरायला घाबरत नाहीत’ असं सोफ्यावरून म्हणणं सोपं जातं.

रणगाडे भाड्याने कुठे मिळतात?

युद्धपटाची एक अडचण रोमँटिक कॉमेडीला नसते. रणगाडे, लढाऊ विमानं, युद्धनौका, छावण्या हे सगळं एकाच मालकाकडे असतं. ते हवं असेल तर मालकाला स्क्रिप्ट दाखवावी लागते.

अमेरिकेत हे काम उघडपणे चालतं. पेंटागॉनचं त्यासाठी वेगळं कार्यालयच आहे. १९८६ च्या ‘टॉप गन’ला नौदलाने विमानवाहू जहाज आणि एफ-१४ विमानं वापरू दिली. बदल्यात कथेत फेरफार झाले. नायकाची प्रेयसी आधी नौदलातलीच होती, तिला बाहेरून आलेली तज्ज्ञ केलं, कारण अशा संबंधांना नौदलात बंदी होती. गूजचा मृत्यू दोन विमानांच्या टकरीत होणार होता, तो बदलला, कारण नौदलाला इतकी विमानं कोसळताना दाखवायची नव्हती. सिनेमा लागल्यावर काही थिएटरांबाहेर भरतीचं टेबल मांडलेलं असायचं. आत टॉम क्रूझ, बाहेर फॉर्म.

आपल्याकडे जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहिलं. सैन्यावरचा सिनेमा किंवा वेबसिरीज दाखवण्याआधी निर्मात्यांनी मंत्रालयाचं ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं, असं त्यात सुचवलं होतं. पुढच्याच महिन्यात ‘गुंजन सक्सेना’ आला आणि महिला अधिकाऱ्याशी सहकाऱ्यांनी केलेला भेदभाव दाखवल्याबद्दल हवाई दलाने लेखी आक्षेप घेतला. जानेवारी २०२२ मध्ये दिग्दर्शक ओनिर यांची स्क्रिप्ट नाकारली गेली. त्यात समलिंगी असल्यामुळे सैन्य सोडणाऱ्या एका मेजरची, प्रत्यक्ष घटनेवरून सुचलेली गोष्ट होती.

सैन्याला आपली प्रतिमा जपावीशी वाटण्यात अजब काही नाही. प्रत्येक संस्थेला वाटतं. पण प्रेक्षक म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पडद्यावर आलेल्या सिनेमातल्या चुका कुणीही काढू शकतो. यूट्यूबवर त्यासाठी शेकडो चॅनल आहेत. पण जो सिनेमा निघालाच नाही, त्याच्यात काय होतं हे कुणाला कळणार?

रडू खरं होतं, पण प्रश्न राहून गेला

१९६२ च्या पराभवानंतर दोन वर्षांनी चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ आला. लडाखमध्ये, सैन्याच्या मदतीने चित्रित झालेला. मदनमोहन यांचं संगीत, कैफी आझमींची गाणी. त्यातलं शेवटचं गाणं आजही १५ ऑगस्टला चौकाचौकांत लाउडस्पीकरवर वाजतं आणि ऐकताना आवंढा येतो. सिनेमा आहेही सुंदर. बर्फात एकटे पडलेले, दारूगोळा संपत आलेले जवान त्याने ज्या मायेने दाखवले, तसे नंतरच्या कितीतरी गर्जना करणाऱ्या सिनेमांना दाखवता आले नाहीत.

पण ते जवान तसे एकटे का पडले? थंडीचे कपडे, रस्ते, दारूगोळा का नव्हता? कुणाच्या आदेशावरून त्यांना तिथे बसवलं होतं? याची चौकशी सैन्याने केली होती. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९६३ मध्ये अहवाल दिला. तो सरकारने आजतागायत अधिकृतपणे जाहीर केलेला नाही. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला, तेवढाच. काँग्रेस असो की भाजप, गोपनीयतेचा शिक्का कुणी उठवला नाही.

‘हकीकत’ने या अहवालाची जागा घेतली असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. पण पराभवाचं दुःख मोकळं करायला देशाला एक जागा मिळाली, आणि जाब विचारायची जागा तशीच बंद राहिली. त्यासाठी चेतन आनंद यांना काही खोटं दाखवावं लागलं नाही.

प्रचार होता, तरी टिकला

आता दुसरी बाजू. प्रचार म्हणजे वाईट सिनेमा, असं असतं तर हा वादच नसता.

‘कॅसाब्लांका’ घ्या. १९४२ चा हा सिनेमा आज प्रेमकथा म्हणून ओळखला जातो, पण तो ऐन महायुद्धात निघाला. त्या वेळी अमेरिकन सरकारचं युद्ध माहिती कार्यालय स्टुडिओंच्या सिनेमांकडे एकाच नजरेने बघत होतं: याने युद्ध जिंकायला मदत होईल का? ‘मला कुणाच्या भांडणात पडायचं नाही’ म्हणणारा नायक शेवटी बाजू घेतो, हा अमेरिकेलाच दिलेला संदेश होता. तरीही जर्मन अधिकाऱ्यांचं गाणं बुडवून सगळं कॅफे फ्रान्सचं राष्ट्रगीत गातं, तो प्रसंग बघताना आजही अंगावर काटा येतो. त्या गर्दीतले अनेक कलाकार खरोखर हिटलरच्या तावडीतून पळून आलेले निर्वासित होते. नाझी मेजरचं काम करणारा कॉनराड फाइट स्वतः १९३३ मध्ये ज्यू पत्नीसह जर्मनी सोडून आला होता. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कोणत्याही सरकारी कार्यालयाने लिहून दिलेलं नव्हतं.

मराठी माणसाला याहून जवळचं उदाहरण आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणात जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला, नायकही स्वतःच झाले. तेव्हा कच्च्या फिल्मवर इंग्रज सरकारचं नियंत्रण होतं आणि युद्धकार्याला उपयोगी पडतील असे सिनेमे काढा, असा निर्मात्यांवर दबाव होता. जपान हा इंग्रजांचाही शत्रू. तेव्हा जपानविरोधी सिनेमा सरकारला चालणारा होता, आणि त्याचा नायक काँग्रेसने पाठवलेला असल्याने देशभक्तांनाही चालणारा होता. पण १९४६ मध्ये सिनेमा पडद्यावर येईपर्यंत महायुद्धच संपलं. ज्या प्रचाराच्या काळात तो घडला, तो काळच मागे पडला आणि एका डॉक्टरची गोष्ट उरली. कोटणीस आज भारत-चीन मैत्रीचं नाव म्हणून घेतले जातात, जपानचा तिथे कुणी विषयही काढत नाही.

म्हणजे सिनेमाचा प्रचार काळाबरोबर विझू शकतो. अडचण होते ती तो गरम असताना.

गरम असताना काय होतं?

‘उरी’ ११ जानेवारी २०१९ ला आला. सिनेमा म्हणून तो घट्ट बांधलेला आहे. आदित्य धर आणि विकी कौशल, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचं चित्रीकरण बरंचसं सर्बियात झालं होतं आणि त्यातला गरुडाच्या आकाराचा ड्रोन ही कल्पना होती, हे कळल्याने मजा काही कमी होत नाही. आठच दिवसांनी, १९ जानेवारीला, पंतप्रधान मोदींनी मुंबईत पेडर रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं उद्घाटन करताना समोरच्या कलाकारांना या सिनेमातला ‘जोश’वाला सवाल केला. सभागृह दणाणलं. १ फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पाच्या भाषणात पीयूष गोयल यांनी संसदेत ‘उरी’चा उल्लेख केला. मग पुलवामा झालं, बालाकोट झालं आणि एप्रिलमध्ये लोकसभेचं मतदान सुरू झालं.

‘उरी’मुळे कुणी निवडणूक जिंकलं, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण सिनेमातला डायलॉग संसदेत गेला की तो डायलॉग राहत नाही. ‘सिनेमा सिनेमासारखा बघा’ हा सल्ला मग फक्त प्रेक्षकालाच का द्यायचा?

आणि हो, हे संग्रहालय ज्या आवारात आहे ते फिल्म्स डिव्हिजनचं. १९४८ पासून सरकारी वार्तापट तिथूनच निघायचे आणि देशभरच्या थिएटरांत मुख्य सिनेमाआधी सक्तीने दाखवले जायचे. पण तो प्रचार कुणाला धोकादायक वाटत नसे, कारण तेवढ्या वेळात लोक बाहेर वडा खायला जात.

दुसऱ्याचा प्रचार तर आपल्याला लगेच ओळखू येतो. पाकिस्तानच्या लष्कराच्या जनसंपर्क विभागाने १९९८ मध्ये ‘अल्फा ब्राव्हो चार्ली’ ही मालिका काढली. तिकडे ती ‘बॉर्डर’इतक्याच मायेने आठवली जाते. चीनमध्ये २०२१ मध्ये ‘बॅटल ॲट लेक चांगजिन’ने ९० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. कोरियन युद्धात बर्फात गोठून मेलेल्या चिनी सैनिकांचा हा सिनेमा. बघणारे थिएटरात रडले, तेही खरंच. पण एका माजी पत्रकाराने त्या सैनिकांची सोशल मीडियावर खिल्ली उडवली तेव्हा त्याला अटक झाली आणि सात महिन्यांची शिक्षा झाली. पोस्ट वाईट चवीची होतीच. पण सिनेमावरून तुरुंग, हे वाचताना आपल्याला जे खटकतं, ते आपल्याकडच्या समीक्षकाला कुणी देशद्रोही म्हणतं तेव्हाही खटकायला हवं ना?

मग युद्धविरोधी सिनेमेच बघायचे का?

तेही इतकं सोपं नाही. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांचं म्हणणं होतं की युद्धावरचा प्रत्येक सिनेमा शेवटी युद्धाच्या बाजूनेच जातो, कारण पडद्यावर युद्ध थरारकच दिसतं. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ला पेंटागॉनने मदत नाकारली. मग कोपोलांनी फिलिपिन्समध्ये मार्कोस सरकारची हेलिकॉप्टर भाड्याने घेतली. ती अधूनमधून शूटिंग सोडून तिथल्या बंडखोरांशी खरी लढाई करायला निघून जायची. सिनेमा युद्धाच्या वेडाबद्दल आहे. पण ‘जारहेड’मध्ये आखाती युद्धाआधी अमेरिकन मरीन जवान त्यातला हेलिकॉप्टर हल्ल्याचा प्रसंग बघून जल्लोष करताना दिसतात. ‘जारहेड’ ज्या आठवणींवर बेतला आहे त्या एका माजी मरीनच्याच आहेत.

त्यामुळे थरार वाटला म्हणून अपराधी वाटून घेण्यात अर्थ नाही. डोळे आणि कान आपलं काम करणारच. ‘बॉर्डर’ टीव्हीवर लागला की चॅनल न बदलणाऱ्यांनी तो जरूर बघावा. फक्त संपल्यावर लोंगेवालाबद्दल थोडं वाचावं. कुंपणाला सुरुंग समजून थांबलेली फौज, पहाटेची वाट बघत बसलेले वैमानिक, वाळूवरची चक्रं, हे सगळं सिनेमापेक्षा कमी रंजक नाही.

आणि भैरोसिंग राठोड यांच्याबद्दल तर वाचावंच. ‘बॉर्डर’मध्ये सुनील शेट्टीने केलेला, लढता लढता वीरमरण येणारा भैरोसिंग ज्यांच्यावरून घेतला, ते सीमा सुरक्षा दलाचे हे जवान. त्या रात्री ते लोंगेवालात मशीनगनवर होते, सेना पदक मिळवून घरी परतले, नोकरी पूर्ण करून निवृत्त झाले आणि आपल्या गावी राहिले. सिनेमा लागला तेव्हा ते हयात होते. पडद्यावर स्वतःचं मरण झाल्यानंतर ते २५ वर्षं जगले. १९ डिसेंबर २०२२ ला जोधपूरला त्यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत त्यांच्या फोटोशेजारी सुनील शेट्टीचा फोटो होता.